पत्र्याखालचा इतिहास

संगीताचा इतिहास आपल्याकडे घराण्यांच्या अंगाने लिहिला जातो. कोणाचे गुरू कोण, कोणती चीज कोणाकडून कोणाकडे गेली, कोणत्या मैफलीत कोणी काय गायिले, याच्या नोंदी मराठीत भरपूर आहेत. वाद्यांवर लिहिणाऱ्यांनीही बहुधा वादकांवरच लिहिले. वाद्य ज्याच्या हातून घडले, बिघडल्यावर ज्याने ते उघडले आणि दुरुस्त करता करता ज्याने त्यात काही बदलून टाकले, तो माणूस या लेखनात क्वचितच येतो. विजेवर चालणाऱ्या तंतुवाद्यांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. त्यांचा निम्मा आवाज लाकडात आणि तारेत असतो. उरलेला निम्मा एका पत्र्याखाली असतो.

हा पत्रा म्हणजे इलेक्ट्रिक बेस गिटारवरची कंट्रोल प्लेट. बेस गिटार म्हणजे चार जाड तारांची, खर्जात बोलणारी गिटार. गाण्यात ती वेगळी ऐकू येतेच असे नाही, पण काढून टाकली तर गाणे पोकळ वाटते. तिच्या अंगावर उजव्या हाताच्या बाजूला तळहाताएवढा चकचकीत पत्रा बसवलेला असतो. त्यावर दोन-तीन गोल नॉब आणि वायर खुपसण्याचे एक भोक. स्क्रू काढून हा पत्रा उलटा केला की खाली वायरी, कथिलाचे डाग आणि एखादा कंडेन्सर दिसतो. एवढ्याशा जागेत गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत जगभरच्या आणि आपल्याकडच्याही कारागिरांनी इतके बदल केले, की त्यांवरून विसाव्या शतकातल्या लोकप्रिय संगीताची एक समांतर कहाणी सांगता येते. ती मुंबईच्या स्टुडिओंतून जाते, गणपतीच्या मिरवणुकीतल्या बेंजोपाशी येते आणि जालन्यासारख्या गावातल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात शिरते.

शेजारच्या धंद्यातली माणसे

वाद्यांत मोठे बदल बहुधा वाद्यांच्या धंद्याबाहेरून आलेल्या माणसांनी केले, हे आपल्याच प्रदेशाच्या इतिहासावरून दिसते. मिरज हे सतार-तंबोऱ्याचे गाव. २०२४ साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण ही वाद्ये घडवणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात राजांच्या फौजा गेल्या, हत्यारांचे काम आटले आणि या कुटुंबांनी हातातले कसब भोपळ्याकडे, लाकडाकडे आणि तारांकडे वळवले. या परंपरेच्या आरंभी फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव घेतले जाते. धातूची नस ओळखणारा हात तारेची नसही ओळखतो, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरे उदाहरण सांगलीचे. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. बावीस श्रुतींचे गणित मांडणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. ई. क्लेमेंट्स या न्यायखात्यातल्या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीने त्यांनी श्रुती-हार्मोनियमची कल्पना पुढे नेली. अब्दुल करीम खाँसाहेबांचा त्यांना पाठिंबा होता. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत हे वाद्य मांडले गेले आणि तिथे भातखंड्यांसारख्या विद्वानांना ते पटले नाही. प्रयोग फसला असे म्हणता येईल. पण बाजारातून आलेले वाद्य जसेच्या तसे न स्वीकारता ते उघडावे आणि आपल्या कानाला हवे तसे करून घ्यावे, ही वृत्ती त्यात दिसते, आणि ती पुढे कधी संपली नाही.

आता अमेरिकेकडे पाहू. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात १९३८ साली लिओ फेंडर नावाच्या तरुणाने रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. त्याआधी तो हिशेबनीस होता. त्याला गिटार वाजवता येत नव्हती, ती त्याने पुढेही शिकून घेतली नाही. दुकानात वादक आपले ॲम्प्लिफायर दुरुस्तीला आणत, तक्रारी सांगत, आणि त्या तक्रारी ऐकता ऐकता तो वाद्यांकडे वळला. विजेची गिटार तोवर अस्तित्वात आली होती. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला रिकेनबॅकर कंपनीची मांडीवर घेऊन वाजवायची हवाईयन गिटार बाजारात आली होती. सिएटलच्या पॉल टुटमार्कने त्याच दशकात विजेचा आडवा बेसही करून पाहिला होता, पण तो चालला नाही. १९५१ साली फेंडरने 'प्रिसिजन बेस' आणला. माणसाएवढा डबल बेस पाठीवर वाहणाऱ्या वादकाला आता गळ्यात पट्टा अडकवून उभे राहता येऊ लागले. मानेवर पडदे असल्यामुळे स्वर नेमका लागे, म्हणून नाव 'प्रिसिजन'.

या पहिल्या बेसवरच तो पत्रा होता, दोन नॉबचा. १९६० साली आलेल्या 'जॅझ बेस'वर तो आणखी ठळक झाला. त्यावर सुरुवातीला एकावर एक बसवलेले दुहेरी नॉब होते. वर्षा-दोन वर्षांत ते जाऊन तीन साधे नॉब आले: दोन आवाजाचे, एक टोनचा, शेजारी जॅक. हीच मांडणी आजतागायत नकलली जाते. ती रेडिओवाल्याची मांडणी आहे. आवाजाचा कंट्रोल, टोनचा कंट्रोल, सगळे एका पत्र्यावर आणि पत्रा स्क्रूंवर. बिघडले तर उघडावे, डाग काढावा, नवा भाग बसवावा. दुरुस्त करणाऱ्या माणसाने दुरुस्तीची सोय आधी केली होती. त्याच सोयीतून पुढे फेरफाराची वाट निघाली.

पत्र्याखाली काय चालते

तारेखाली पिकअप असतो. लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, असे त्याचे स्वरूप. पोलादी तार हलली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत क्षीण वीज उपजते. ही वीज पत्र्याखाली येते. तिथे तिला आवाजाचा कंट्रोल अडवतो किंवा सोडतो. टोनचा कंट्रोल एका कंडेन्सरमार्गे तीक्ष्ण स्वरांश जमिनीकडे वळवतो, आवाज मऊ होतो. उरलेली वीज जॅकमधून ॲम्प्लिफायरकडे जाते. तो जॅकही उसना आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बाया ज्या पिना भराभर भोकांत खुपसून कॉल जोडून देत, तीच ही पाव इंची पिन. एकाच पत्र्यावर रेडिओ आणि टेलिफोन असे दोन धंदे शेजारी नांदतात.

जॅझ बेसच्या कंट्रोलचे मूल्य २५० किलो-ओहम आणि टोनच्या कंडेन्सरचे सुमारे ०.०५ मायक्रोफॅरड. हे आकडे मुद्दाम देतो आहे, कारण पुढची सगळी कहाणी त्यांवर चालते. व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओत आवाजाचा कंट्रोल साधारणपणे ५०० किलो-ओहम किंवा एक मेगओहमचा असे आणि ०.०५ चा कागदी कंडेन्सर तर प्रत्येक मेकॅनिकच्या डब्यात पडलेला असे. म्हणजे व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या सुट्या भागांत गिटारीचे औषध आपोआप होते. ५०० चा कंट्रोल बसवला तर आवाज थोडा अधिक तीक्ष्ण येई, एवढाच फरक. पुढे ट्रान्झिस्टरचे युग आले. त्या रेडिओतले कंट्रोल पाच-दहा किलो-ओहमचे. दिसायला तसेच, बसायला तसेच. पण गिटारीत लावले की पिकअपची सगळी ताकद त्यातून निथळून जाते आणि वाद्य उशीखाली दाबल्यासारखे बोलते. एका पिढीच्या मेकॅनिकला जे सहज साधले, ते पुढच्या पिढीला त्याच डब्यातून साधेनासे झाले.

दुसरी अडचण कंट्रोलच्या जातीची. माणसाचा कान आवाजाची वाढ सरळ रेषेत मोजत नाही. म्हणून आवाजासाठी जो कंट्रोल लागतो, तो लॉग जातीचा असतो. त्याऐवजी समान वाढीचा बसवला तर नॉब बराच फिरवला तरी आवाज फारसा हलत नाही आणि शेवटच्या टप्प्यात एकदम कोसळतो. ज्यांनी रेडिओ उघडले होते त्यांना हा भेद ठाऊक होता. नुसते गिटार वाजवणाऱ्याला तो ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

तिसरी अडचण खास आपली. एका वेढ्याचा पिकअप आसपासच्या विजेची घूं-घूं टिपतो. घरच्या विजेची वारंवारता भारतात ५० हर्ट्झ, अमेरिकेत ६०. साध्या गिटारीची सर्वांत खालची तार सुमारे ८२ हर्ट्झवर बोलते, तेव्हा ही घूं-घूं तिच्या सप्तकाखाली राहते. बेसचे तसे नाही. तिची पहिली तार ४१ वर आणि दुसरी ५५ वर. भारतातल्या विजेचा सूर बरोबर या दोन तारांच्या मधोमध पडतो. पाश्चात्त्य नावाने सांगायचे तर 'जी' या स्वरापाशी, ज्याची कंपने ४९ आहेत. म्हणजे जो बेसवादक 'जी' धरतो, त्याच्या स्वराला खालून एक किंचित चढलेला, न थांबणारा तंबोरा चिकटतो. दोन्ही मिळून सेकंदाला एक अशी लाट उठते. अमेरिकेत घडवलेल्या वाद्याला आपल्याकडे आल्यावर हा वेगळाच शेजारी भेटला.

त्यावरचे उपाय सगळे पत्र्याखालचेच. लाकडातली पोकळी आतून तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पातळ वर्खाने मढवणे, म्हणजे बाहेरची वीज आत शिरत नाही. सगळ्या जमिनीच्या वायरी एकाच बिंदूवर आणून डागणे. तारा ज्या धातूच्या घोडीवर टेकतात तिथून एक वायर पत्र्यापर्यंत नेणे. त्यामुळे वादकाचा हात तारेला लागताच घूं-घूं कमी होते. जॅझ बेसमध्ये दोन पिकअप परस्परांच्या उलट गुंडाळलेले असतात, त्यामुळे दोन्ही पूर्ण उघडे ठेवले तर ती घूं-घूं एकमेकांना खाऊन टाकते. एक जरा कमी केला की ती परत येते. म्हणून कित्येक वादक दोन आवाजाचे नॉब कधी हलवतच नाहीत. काही जण दोन्ही पिकअप एकामागे एक जोडणारा छोटा खटका पत्र्यात भोक पाडून बसवून घेतात, म्हणजे आवाज भरदार होतो. अमेरिकेत १९७० च्या सुमारास अलेम्बिकने आणि १९७६ च्या स्टिंगरे या वाद्याने नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे छोटे ॲम्प्लिफायर वाद्याच्या पोटातच नेले. त्यातली एक युक्ती सुंदर आहे: जॅकमध्ये पिन घातली तरच बॅटरीचे वर्तुळ पूर्ण होते. वादकाने पिन तशीच ठेवून जेवायला जावे, की सकाळी बॅटरी मेलेली.

मुंबई: जे मिळत नाही ते करून घेणे

हिंदी चित्रपटसंगीतात खर्जाचे काम आधी डबल बेस करी. साठच्या दशकात बेस गिटार आली आणि सत्तरच्या दशकात ती रुळली. संगीतकार प्यारेलाल यांचे बंधू गोरख शर्मा, राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यातले टोनी वाझ, चरणजित सिंग ही त्या वाद्याशी जोडलेली ठळक नावे. तबकडीच्या वेष्टनावर वादकांची नावे छापण्याचा रिवाज नव्हता. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने मुंबईच्या वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली ग्रंथ लिहिला, तेव्हा यातली कितीतरी माणसे पहिल्यांदा छापील पानावर आली. आणि वादकांची ही गत, तर त्यांची वाद्ये उघडणाऱ्यांची काय असणार?

त्या काळात चांगले विलायती वाद्य मिळवणे सोपे नव्हते. १९९१ पर्यंत आयातीवर परवान्याचे आणि जबर सीमाशुल्काचे कुलूप होते. वाद्य यायचे ते परदेशी जाणाऱ्या नातेवाइकाच्या सामानातून, जहाजावरच्या वादकाकडून किंवा दौऱ्यावर आलेल्या कलावंताने जाता जाता विकलेले. त्याचा एखादा कंट्रोल खरखरू लागला, जॅक सैल झाला, तर मूळ कंपनीचा भाग मिळण्याचा प्रश्न नव्हता. मग लॅमिंग्टन रोडवरच्या रेडिओच्या सुट्या भागांच्या बाजारात जावे, आकाराने बसेल ते घ्यावे, दांडी जाड असेल तर पत्र्यातले भोक कानशीने मोठे करावे. अमेरिकेत ज्याला हौसेचा फेरफार म्हणत, ती आपल्याकडे गरज होती. यात एक गमतीची उलटापालट आहे. तिकडे वादक चांगले वाद्य घेऊन त्याला वेगळे करी. इकडे तो वेगळ्याच भागांतून त्याला पुन्हा मूळच्यासारखे करू पाही, आणि तसे करता करता नवा आवाज निघे.

चरणजित सिंग यांनी या वाटेचे दुसरे टोक दाखवले. १९८२ साली एचएमव्हीने काढलेल्या त्यांच्या तबकडीत दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर सिंथेसायझरवर वाजवले आहेत. त्यात त्यांनी रोलंड कंपनीचे टीबी-३०३ नावाचे यंत्र वापरले. हे यंत्र एकट्या वादकाला बेस गिटारीची साथ मिळावी म्हणून बनवलेले. त्यात तार नाही, लाकूड नाही, चुंबक नाही. आहे तो फक्त पत्रा आणि नॉबांची रांग. बेस गिटारीचे अंग गळून गेले आणि कंट्रोल प्लेट तेवढी उरली. तबकडी त्या वेळी फारशी खपली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा शिकागोच्या 'ॲसिड हाउस' संगीताच्या कित्येक वर्षे आधी मुंबईत हे झाले होते, म्हणून जगभरचे श्रोते चकित झाले.

नागोयाचे टाइपरायटर, गणपतीचा बेंजो

बेस गिटार मुंबईत राहिली. तिच्या पोटातली वीज मात्र महाराष्ट्रभर गेली, ती दुसऱ्याच वाद्याच्या अंगातून. आपण ज्याला बेंजो म्हणतो, त्याचा अमेरिकेतल्या गोल, कातडी मढवलेल्या बेंजोशी नावापुरताच संबंध. आपला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. जपानमधल्या नागोया शहरात मोरिता गोरो यांनी १९१२ साली 'ताइशोगोतो' हे वाद्य काढले. दोन तारांच्या जपानी कोतोला त्यांनी टाइपरायटरच्या कळांची यंत्रणा जोडली. पुन्हा तेच: शेजारचा धंदा वाद्यात शिरला. हे स्वस्त, शिकायला सोपे वाद्य जपानी मालाबरोबर भारतात आले. इथे ते बुलबुलतरंग झाले, बलुचिस्तानात त्याचे थोरले भावंड 'बेंजू' झाले.

मूळ बुलबुलतरंगाचा आवाज नाजूक, घरात बसून ऐकण्याजोगा. कोकणात आणि मुंबईच्या चाळींत ते मिरवणुकीत आले तेव्हा ढोलकी-ताशापुढे त्याचे काही चालेना. मग त्याच्या तारांखाली गिटारीसारखा पिकअप बसला, अंगावर आवाजाचा आणि टोनचा कंट्रोल आला, कडेला जॅकचे भोक पडले. डाव्या हाताने कळा दाबायच्या, उजव्या हातातल्या पट्टीने तारा छेडायच्या आणि आवाज भोंग्यातून गल्लीभर. बेंजो पार्टी ही मराठी गोष्ट अशी तयार झाली. रवी जाधव यांनी २०१६ साली तिच्यावर हिंदी चित्रपट काढला, तेव्हा शहरी प्रेक्षकांना हे वाद्य जवळून दिसले.

बेंजोची कंट्रोल प्लेट कोणत्या कंपनीच्या आराखड्यावर झाली नाही. ती कारागिरागणिक वेगळी. कुठे कंट्रोल वरच्या फळीवर, कुठे बाजूला; नॉब रेडिओचा, कधी टेपरेकॉर्डरचा. फेंडरच्या पत्र्यावर जे तत्त्व आहे तेच इथे आहे, पण ते पुस्तकातून आले नाही. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या आणि लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्या माणसांच्या हातून ते आले. फुलर्टनचा रेडिओवाला आणि चाळीतला रेडिओवाला यांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल. तरी ते एकाच ठिकाणी पोहोचले, कारण दोघांपुढे प्रश्न एकच होता आणि हातातले सामान सारखे होते.

मराठवाड्यातली वीज आणि तिची भीती

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला, औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतले तालुके मिळून. त्याआधीचा हा सगळा मुलूख निजामाचा. १९४७ साली देशातल्या संस्थानांत पाच रेडिओ केंद्रे होती, त्यांतले एक औरंगाबादचे. मनमाड–हैदराबाद रेल्वेवरचे जालना हे जुने बाजाराचे गाव. 'जालना सोने का पालना' ही म्हण त्याच वैभवाची. हैदराबादची उर्दू, मुंबईची गाणी आणि खेड्यातली भजने या तिन्हींचा आवाज इथे रेडिओतून आणि लाउडस्पीकरमधून एकत्र आला. राजूरच्या गणपतीची चतुर्थी असो की लग्नाची वरात, पेटी, बेंजो, पुढे कॅसिओ आणि पॅड हे सगळे गाडीवर बांधून, बॅटरीवर किंवा जनरेटरवर वाजवले जाऊ लागले. इलेक्ट्रिक गिटार इथे आली ती लग्नाच्या ऑर्केस्ट्रात. ती बिघडली की मुंबईला कोण पाठवणार? ज्याच्याकडे ॲम्प्लिफायर दुरुस्तीला जाई, त्याच्याकडेच गिटारही जाई. हे ज्ञान कागदावर उतरत नाही. उस्ताद सांगतो आणि पोरगा कथिल धरता धरता शिकतो.

इथे या विषयाची दुसरी बाजू येते आणि ती सौंदर्याची नाही, जिवाची आहे. वर सांगितले की घोडीपासून पत्र्यापर्यंत एक वायर जाते आणि तारा जमिनीला जोडलेल्या असतात. ही जमीन म्हणजे ॲम्प्लिफायरचा सांगाडा, आणि तो सांगाडा भिंतीतल्या प्लगच्या तिसऱ्या, जाड पिनेतून खऱ्या मातीत जातो. ही पिन इतर दोघींहून लांब ठेवलेली असते, ती आधी जोडली जावी म्हणून. आता मांडवात काय होते ते पाहा. दोन भोकांच्या बोर्डात बसावी म्हणून तिसरी पिन तोडलेली असते किंवा वायरची टोके काडीने तशीच खुपसलेली असतात. जनरेटर हातगाडीवर, त्याला जमिनीचा खुंटा नाही. ॲम्प्लिफायरमध्ये एखादा कंडेन्सर फुटून फेज सांगाड्याला लागला, तर तो थेट तारांवर येतो. वादकाचा डावा हात तारांवर असतो. त्याने ओठ मायक्रोफोनला लावले, आणि मायक्रोफोन दुसऱ्या, नीट जमिनीला जोडलेल्या यंत्राचा असला, की वर्तुळ छातीतून पूर्ण होते.

ही कल्पित भीती नाही. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी मे १९७२ मध्ये स्वान्सी इथे रंगमंचावर मायक्रोफोनला हात लावताना विजेच्या धक्क्याने गेला. यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ १९७६ साली घरी इलेक्ट्रिक गिटार वाजवताना गेला. आपल्याकडे विसर्जन पावसात येते, पाय ओले असतात, गाडीचा पत्रा ओला असतो. घूं-घूं घालवण्यासाठी जी वायर जोडली, तीच अर्थिंगच्या अभावी यमाचा दोर होऊ शकते.

जाणत्या मेकॅनिकचे मोल इथे कळते. तो गिटार उघडण्याआधी ॲम्प्लिफायरची पिन पाहतो. टेस्टरने किंवा मीटरने सांगाडा तपासतो. घूं-घूं थांबत नाही म्हणून वादक अर्थिंगची वायर काढायला सांगतो, तेव्हा तो नाही म्हणतो आणि दोष पत्र्याखाली शोधतो: सुटलेला डाग, तुटलेली जाळी, वर्ख न लावलेली पोकळी. आज तीस मिलिॲम्पिअरला तुटणारे सुरक्षा-खटके सहज मिळतात. मंडळाच्या रोषणाईच्या खर्चात त्यांची किंमत कुठे दिसणारही नाही. वादकाचा जीव त्या खटक्यावर आहे हे मंडळाला सांगणारा माणूस बहुधा हाच मेकॅनिक असतो.

मूळचे आणि बदललेले

जुन्या इलेक्ट्रिक वाद्यांचा जागतिक बाजार आता मोठा आहे. तिथे 'मूळचे' या शब्दाला किंमत आहे. १९६२ सालचा जॅझ बेस एकही डाग न हललेला असेल तर त्याचा भाव वेगळा. पत्र्यात एक जास्तीचे भोक असेल तर वेगळा. बाजाराच्या दृष्टीने फेरफार म्हणजे खराबी.

इतिहासाच्या दृष्टीने हे खरे नाही, पण बाजार जी पद्धत वापरतो ती अभ्यासकानेही शिकावी. अमेरिकन कंट्रोलच्या पाठीवर एक आकडा छापलेला असतो. पहिले तीन अंक बनवणाऱ्या कंपनीचे. १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. पुढचे अंक वर्षाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. म्हणजे १३७६६३३ असे लिहिले असेल तर तो कंट्रोल सीटीएसने १९६६ च्या तेहतिसाव्या आठवड्यात बनवला. वाद्य त्याआधीचे असू शकत नाही, अर्थात कंट्रोल नंतर बदललेला नसेल तर. नाण्यावरून थराचा काळ ठरवतात, तसे हे आहे. आणि जेव्हा कंट्रोल बदललेला असतो, तेव्हा बदललेल्या भागावरून बदल केव्हा झाला तेही कळते. व्हॉल्व्ह रेडिओचा एक मेगओहमचा कंट्रोल, तेलकट कागदाचा कंडेन्सर, कापडी वेष्टनाची वायर आढळली तर हात एका पिढीचा. प्लास्टिकची रंगीत वायर आणि चिनी कंट्रोल असेल तर हात दुसऱ्या पिढीचा. एकाच पत्र्याखाली दोन-तीन मेकॅनिकांचे डाग शेजारी शेजारी असतात. कोणाचा डाग चकचकीत आणि गोल, कोणाचा फिका आणि दाणेदार. अक्षर ओळखावे तसे डागही ओळखता येतात.

बेंजोच्या बाबतीत तर मूळचे असे काही नाहीच. तिथे प्रत्येक वाद्य म्हणजे फेरफारांची बेरीज. म्हणून त्याचा इतिहास लिहायचा तर पत्रे उघडूनच लिहावा लागेल.

आणि हे लवकर करावे लागेल. जालना आज पोलादाचे गाव आहे. देशभरातून आलेले भंगार इथल्या भट्ट्यांत वितळते आणि त्याच्या सळया होऊन बाहेर पडते. तांबे त्याआधीच वेगळे काढून विकले जाते. जुना पिकअप म्हणजे भंगारवाल्याच्या दृष्टीने मूठभर तांबे आणि एक चुंबक. कंट्रोल प्लेट म्हणजे चार तोळ्यांचा पत्रा. रेडिओ दुरुस्तीची दुकाने मोबाइलची झाली. बेंजोऐवजी भिंतीएवढे स्पीकर आणि लॅपटॉप आले. हातांनी केलेल्या बदलांचा पुरावा असलेले भाग रोज थोडे थोडे भट्टीकडे जात आहेत.

यावर उपाय मोठा नाही, त्याला संग्रहालय लागत नाही. वाद्य दुरुस्तीला उघडले की पत्र्याची खालची बाजू फोनवर टिपावी, प्रत्येक कंट्रोलची पाठ वाचता येईल अशी. काढलेला भाग टाकून न देता एका पाकिटात घालून त्यावर तारीख, वाद्य आणि बदलण्याचे कारण लिहावे. ते पाकीट वाद्याच्या पेटीतच राहू द्यावे. दुरुस्त करणाऱ्याने आपले नाव पेन्सिलीने पोकळीत लिहावे. सतारीच्या भोपळ्याआड जुने कारागीर चिठ्ठी चिकटवत, तशीच ही रीत. महाविद्यालयांतल्या संगीताच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी एकेका तालुक्यातले बेंजोवाले, बँडवाले आणि जुने रेडिओ मेकॅनिक गाठले, त्यांच्याकडचे पत्रे टिपले आणि त्यांच्या तोंडून बदलांची कारणे लिहून घेतली, तर पाच-सात वर्षांत अशी सामग्री जमेल जी आज कोणत्याही ग्रंथात नाही. मिरजेच्या शिकलगारांची नावे आपल्यापर्यंत आली, कारण त्यांच्या मुला-नातवंडांनी तोच धंदा धरून ठेवला. रेडिओवाल्यांच्या मुलांनी तो धरलेला नाही. त्यांची नावे आपल्यालाच विचारावी लागतील, ते दुकानात बसलेले आहेत तोवर.